सुमनआत्याचा झरा

महिन्यापूर्वी सकाळी सुमनआत्याच्या मुलाचा, दत्तादादाचा फोन आला. “आई गेली गं...” एवढंच बोलला. सांगलीहून निघून कोरेगावला एसटी बदलली आणि आत्याच्या गावी पोचले, तेव्हा ओसरी बायकांनी भरली होती.

सुमनआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिच्या घरामागच्या डोंगरात एक झरा आहे. वर खडकातलं लहानसं डबकं, तिथून पाणी उतरतं ते खालच्या दगडी कुंडात. आत्याचे यजमान, आमचे काका, डेंग्यूनं गेले तेव्हा आत्याला गावातल्या प्रत्येक डासाचा राग आला होता. घरच्या टाकीत सोडायला म्हणून तिनं आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणले आणि उरलेले स्वतःच जाऊन कुंडात सोडले. डासांची अंडी-अळ्या खातात, म्हणून. डास खरंच कमी झाले. बायका तिला दुवा देत.

काही वर्षांनी तिनं मला विचारलं. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते ना. “कुंडात बेडूक वरडत न्हाईत आता. निळ्या रेघांचं बारकं मासं व्हतं, तेबी दिसंनात. आसं का गं?” गप्पी बाहेरून आलेले, ते बेडकांची अंडी आणि इतर माशांची पिल्लंही खातात, असं मी सांगितलं. आत्या पदराचं टोक चाळवत म्हणाली,

“म्हंजे म्याच घातलं की त्येंच्या घरात...”

दुसऱ्या दिवसापासून जुनी मच्छरदाणी घेऊन ती कुंडात उतरू लागली. दादा हसायचा. “आई, पिल्लं घालत्यात ती. कशी संपायची?”

“न्हाई संपली तर न्हाई. वर तरी जाऊ नयेत.”

वरच्या डबक्यात निळ्या रेघांचे मासे अजून होते. पण पावसाळ्यात कुंड तुडुंब भरलं की मधला खडक बुडे आणि गप्पींना वाट मिळे. गुडघे धरलेले असताना आत्यानं चार बायकांना घेऊन त्या खडकावर दगडांचा बांध रचला. पहिल्या पावसानं पाडला, पुन्हा रचला. खालचं कुंड शेवटपर्यंत गप्पींचंच राहिलं. त्याची खंत तिला होती. पण वरची बेडकं ओरडायला लागली की ती मला फोन लावून मोबाइल त्या दिशेला धरायची. मी सांगलीत, स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची...

दहाव्याला दादाचे तासगावचे व्याही आले होते. निघताना म्हणाले, “दत्ता, थोडं गप्पी दे की बाटलीत. द्राक्षाच्या शेततळ्यात सोडतो, डास लय झाल्यात.”

दादा उठला, बाटली हातात घेतली आणि दारातच थांबला.

“पाव्हणं,” त्यानं विचारलं, “तुमच्या तळ्याचं पाणी भरून वाहिलं, तर पुढं कुठं जातंय?”

“जात आसंल की ओढ्याला,” व्याही म्हणाले. दादानं बाटली रिकामीच परत केली.