शेजारच्या सीटवरचा पाय

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दादामियाँ शेख गाडीच्या डावीकडच्या सीटवर बसले, चपला काढून मागे टाकल्या आणि अनवाणी पाय समोरच्या दोन पेडलांवर ठेवले. डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर. शिकवण्याच्या गाडीत मास्तरालाही पेडलं असतात. शिकणाऱ्याच्या पेडलांना ती दांड्यांनी जोडलेली असतात. मास्तरानं दाबलं की तिकडचंही दबतं. चप्पल घातली तर पेडल बोलत नाही, असं दादामियाँचं म्हणणं. थंडीच्या दिवसांतही ते अनवाणीच शिकवतात.

स्टिअरिंगवर योगीराज होता. वय एकवीस, जळकोटच्या शिवलिंगप्पांचा धाकटा. दुसऱ्या दिवशी आरटीओच्या तालुक्यातल्या कॅम्पात त्याची लायसन्सची परीक्षा होती. आणि परीक्षा उरकली की कॅम्पावरूनच त्यानं आई आणि बहीण राजनंदिनीला नव्या गाडीतून सोलापूरला न्यायचं ठरलं होतं. राजनंदिनीला एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती, दुपारी हजर व्हायचं होतं. नवी गाडी दोन आठवडे दारात हार घालून उभी होती. हार वाळला तरी शिवलिंगप्पा काढू देत नव्हते.

"चाचा, आज हायवेला घेऊ का? आखरी दिवस हाय."

"घे. पर साठच्या वर काटा गेला न्हाय पायजे."

जळकोटहून नळदुर्गच्या बाजूला गाडी निघाली. कारखान्यांचा हंगाम जोरात होता. चौपदरी रस्त्यावर उसाची पाचटं उडत होती. हा रस्ता दुपदरी होता तेव्हा दादामियाँना ब्रेक वेगळा शिकवावा लागत नसे, खड्डेच शिकवायचे. आता रस्ता गुळगुळीत झाला. शिकाऊ माणसाच्या पायाखाली पहिल्याच आठवड्यात ॲक्सिलेटर मोकळा होतो आणि गाडी चालवणं म्हणजे तेवढंच, असं त्याला वाटायला लागतं.

"काटा बघ."

"साठच हाय की, चाचा."

"पंच्याऐंशी हाय. म्हातारा मी झालोय, डोळे तुझे गेलेत का?"

योगीराज हसला. पाय तिथंच राहिला. पुढे दुभाजक तुटलेला होता. पलीकडच्या शेतांतून येणारे ट्रॅक्टर लांबचा वळसा टाळून त्याच मोकळ्या जागेतून आडवे घुसतात, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर तिथून निघाला. पुढचं तोंड रस्त्यावर आलं, मागची ट्रॉली अजून दुभाजकात होती. दिवा नाही, लाल कापड नाही.

दादामियाँचा उजवा पाय आपण होऊन खाली गेला. पेडल रिकाम्या डब्याच्या झाकणासारखं विनावजन तळाला टेकलं. गाडी तशीच पळत राहिली.

त्यांनी योगीराजच्या पायांकडे पाहिलं. उजवा ॲक्सिलेटरवरच होता. पोरगं समोर बघत होतं, घाबरलेलं नव्हतं. वाट बघत होतं.

"ब्रेक! ब्रेक मार!"

ओरडतानाच दादामियाँनी एका हातानं हँडब्रेक खेचला, दुसऱ्यानं स्टिअरिंग आपल्याकडे ओढलं. गाडी गांड घासत डांबरावरून उतरली, मुरमात फिरली आणि बाभळीच्या काट्यांत तोंड खुपसून बंद पडली. ट्रॅक्टरवाला खाली न उतरताच ओरडला, "डोळे फुटलेत का रं?" आणि निघून गेला.

योगीराजनं दोन-तीनदा श्वास घेतला. मग त्याच्या तोंडावर हसू परत आलं. "चाचा, आज तुमचा पाय झोपला हुता का?"

दादामियाँनी उतरून डॅशबोर्डाखाली डोकं घातलं. ब्रेकची दांडी जोडणारी पिन निखळून पडली होती. दांडी नुसती लोंबत होती.

"तू ब्रेक का न्हाय मारला?"

"मारणारच हुतो."

"कवा?"

"तुमी मारताव की रोज. पायाखाली आपोआप दबतंय. मला वाटलं, दबंल आता."

तो खोटं बोलत नव्हता. दादामियाँना त्यातली तीच गोष्ट जास्त लागली.

परतीला स्टिअरिंग त्यांनी स्वतः घेतलं. पोरांच्या आधी आपणच ब्रेक दाबायची सवय कधी लागली, ते त्यांना आठवेना. सुरुवातीला ते शिकणाऱ्यालाच ब्रेक मारू देत. गाडी झटके खायची, बंद पडायची, मागचे हॉर्न वाजवायचे. मग पोरांना घाई, बापांना घाई. आपणच हलकेच पाय टेकवला की गाडीही वाचते आणि वेळही. परीक्षेच्या दिवशी तर ही चालच पडून गेली. साहेब मैदानाच्या कडेला उभे राहून बघतात, शेजारी मास्तर बसलेला असतो, त्याचा पाय कुणाला दिसत नाही. "दादामियाँच्या गाडीत बसला की लायसन्स घरात आलं समजा," असं पंचक्रोशीत म्हणतात. हे त्यांना कौतुक वाटत असे. घरी बाजेवर बसून टीव्हीवर रस्ता दिसला तरी त्यांचा पाय फरशी दाबायचा आणि बायको जमिलाबी म्हणायची, "घर में कौनसी गाडी रोकरैं जी?"

फाट्यावर धुळाप्पाचं गॅरेज आहे. त्यानं वाकून दांडी बघितली आणि शिट्टी घातली.

"चाचा, वरच्यानं वाचवलं. दुपारपर्यंत पक्कं वेल्डिंग करून देतो, जन्मात निघायची न्हाय."

"वेल्डिंग नको. पिनच टाक. काढता यावी अशी."

"काढायची कशाला?"

तेवढ्यात शिवलिंगप्पा मोटरसायकलवरून आले. बातमी गाडीच्या आधी गावात पोचली होती. त्यांनी लेकाला आपादमस्तक न्याहाळलं, तो धड आहे असं बघितलं आणि ट्रॅक्टरवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"ह्या लोकांना लायसन्स देतंय कोण, मियाँ? मी तर म्हणतो, कायदा कडक करावा. दोन-दोनदा परीक्षा घ्यावी. जो येईल तो रस्त्यावर!"

"घ्यावी की, आप्पा," धुळाप्पा पाना फिरवत म्हणाला. "पर परवापासून घ्यावी. उद्या आपल्या योगीराजचा नंबर हाय."

शिवलिंगप्पा हसले. दादामियाँ हसले नाहीत.

"आप्पा, योगीराजला ब्रेक मारता येत न्हाय."

"कायतरीच! दीड महिना तुमच्याकडं हाय."

"म्हणूनच. माझाच पाय हुता रोज. चला, दाखवतो."

शिवलिंगप्पांच्या घरामागं पडीक रान आहे. दादामियाँ कित्येक वर्षं तिथंच पोरांना वळणं शिकवतात. शिवलिंगप्पांनी कधी नको म्हटलं नाही. राजनंदिनी मागच्या दारात भांडी घासत होती. दादामियाँनी तिच्याजवळची प्लास्टिकची निळी बादली मागून घेतली आणि रानाच्या मध्यावर पालथी ठेवली. पिन धुळाप्पाकडेच होती, डावीकडचं ब्रेकचं पेडल मेलेलं होतं. मोटरसायकल घरापुढं लावून शिवलिंगप्पा मागच्या सीटवर बसले.

"तिसावर आण," दादामियाँ योगीराजला म्हणाले. "बादलीच्या अलीकडं थांबव. मी हात लावणार न्हाय, पाय लावणार न्हाय, बोलणार न्हाय."

"एवढंच व्हय?" योगीराज म्हणाला.

गाडी निघाली. बादली मोठी होत गेली. योगीराजनं ॲक्सिलेटर सोडला, पाय उचलला आणि तो पाय मध्येच हवेत राहिला, जिन्यात अंधारात पुढची पायरी शोधावी तसा. मग क्लच दबला. गाडीखाली काड्‌कन आवाज झाला. ब्रेक लागला तेव्हा बादली मागच्या चाकाच्याही मागं होती.

"पुन्हा," योगीराज म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. पुन्हा झालं. या वेळी पाय ब्रेकवर पडला, पण उशिरा. फुटकी बादली पुन्हा चाकाखाली गेली.

शिवलिंगप्पांनी दार उघडलं, उतरले, मिशीवरून हात फिरवला.

"बादली हुती म्हणून. माणूस असतं तर मारला असता त्यानं ब्रेक."

दादामियाँनी त्यांच्याकडे बघितलं. हे शिवलिंगप्पा चेष्टेनं म्हणत नव्हते.

"आप्पा, त्याला आणखी महिनाभर द्या माझ्याकडं. पुढच्या कॅम्पाला बसवू. उद्याचं राहू द्या."

"गाडी दारात उभी हाय, पाव्हण्यारावळ्यांत सांगून बसलोय. आन कॅम्पात काय पळवायची हाय गाडी? चार वळणं, पुढं-मागं. तुमी शेजारी बसा म्हंजे झालं. आजवर समद्यान्ला बसलाव, माझ्याच पोराला न्हाय का?"

यात खोटं काही नव्हतं. परीक्षेच्या मैदानात काटा विसाच्या वर जात नाही, आणि हातात पडतो तो शंभराचा परवाना. परीक्षा कडक करा म्हणणाऱ्यांत दादामियाँही होते. चहाच्या टपरीवर त्यांनी स्वतः हे कितीदा म्हटलं होतं. पण परीक्षा जेवढी होती, तेवढीसुद्धा त्यांच्या पायानं होऊ दिली नव्हती.

"बसतो की. पर पिन काढून बसणार. पास झाला तर त्याच्या पायानं होईल."

"आन नापास झाला तर?"

"बादलीवर भागलं, असं समजा."

शिवलिंगप्पांचा आवाज बदलला. "मग दुसऱ्या मास्तराच्या गाडीतून बसवतो त्याला. गाड्यांचा काय दुष्काळ पडलाय का? आन मियाँ, उद्यापासून ह्या रानात गाडी घालू नका. नांगरायचं हाय मला."

"ठीक हाय, आप्पा."

"इतक्या वर्षांचं कायबी ठिवलं न्हाय तुमी."

"ठिवलं म्हणूनच म्हणालो."

दुसरा मास्तर गाठायला निघालेल्या बापाच्या मागं योगीराज मोटरसायकलवर बसला. जाताना त्यानं दादामियाँकडे पाहिलं नाही. त्याला राग आला होता की भीती वाटली होती, हे त्याच्या पाठीवरून सांगता येत नव्हतं.

राजनंदिनी रानात आली आणि बादलीचे तुकडे गोळा करायला लागली. अनवाणी पाय कापू नयेत म्हणून दादामियाँना तिनं मागं सरकायला सांगितलं.

"बेटा, बादली आणून देतो तुझ्या आईला."

"राहू द्या, चाचा." तिनं बादलीची कडी तेवढी वेगळी काढली, ती शाबूत होती. "सोलापूरची एसटी फाट्यावर किती वाजता थांबते?"

"सव्वासातला. का गं?"

"आईला सांगते, माझ्या पोटात गाडीचं पेट्रोल ढवळतं म्हणून. एसटीत न्हाय ढवळत. तिलाबी एसटीतच नेते." ती घराकडे निघाली, मग थांबली. "आप्पान्ला बोलू नका. योग्याला एकटंच चालवू द्या आधी."

एकटंच. दादामियाँनी मान हलवली, पण त्या शब्दाचं समाधान त्यांना झालं नाही. हायवेवर एकटं कुणी नसतं.

दुपारी धुळाप्पानं नवी पिन आणून दिली. हातानं निघणारी, रिंग असलेली. ती घालून दादामियाँनी पेडल दाबून बघितलं. तिकडचं पेडल दबलं. रिंग ओढून पिन काढली. तिकडचं पेडल हललं नाही.

"ह्याचा उपयोग काय, सांगाल का?" धुळाप्पानं विचारलं.

"शिकवताना आत. परीक्षेला बाहेर. आन शिकवतानाबी शेवटचा आठवडा बाहेर."

"मग पोरं दुसरीकडं जातील, चाचा. दुसऱ्याचा पाय हायच की."

"जातील."

संध्याकाळी ते नेहमीसारखे फाट्यावरच्या टपरीसमोर बाकड्यावर चहा घेत बसले. हायवेवरून गाड्या जात होत्या. त्यांतली एखादी ओळखीची असते. जुना शिकाऊ मास्तरांना बघतो आणि वेग कमी न करता आदरानं हॉर्न वाजवतो. रोज ते हात वर करत. आज एक पांढरी गाडी हॉर्न देत गेली, पाठोपाठ एक पिकअप. त्यांनी हात वर केला नाही. कुणाला ब्रेक येतो आणि कुणाला आपल्या पायाचीच वाट बघायची सवय आहे, हे बाकड्यावरून ओळखता येत नव्हतं. जुन्या पोरांना घरोघर जाऊन सांगावं का, आणि सांगायचं तरी काय, याचा विचार चहा निवेपर्यंत चालला. बाकड्याखाली उजवा पाय मात्र प्रत्येक गाडीला जमीन दाबत होता.

कॅम्प उद्या दहाला सुरू होतो. योगीराज दुसऱ्या मास्तराच्या गाडीतून बसेल. दादामियाँच्या गाडीतून फक्त रुबिना बसणार आहे, गावातलीच पोर, वाशीला दिलेली, माहेरी राहून गाडी शिकलेली. पिनेची गोष्ट ऐकून तिनं "मग सकाळी सराव घ्या माझा" एवढंच सांगितलं. रानाचा रस्ता बंद झाल्यामुळे तो सराव साडेसहाला गावातल्या बाजारतळावर होईल. उद्या बाजार नाही, तळ मोकळा असतो. राजनंदिनी आईला घेऊन जाणार ती सोलापूरची एसटी त्यानंतर, सव्वासातला फाट्यावर थांबते.