रोल्लाच्या गल्लीत सापडलेलं तिसरं चर्च

आधीच सांगतो, मी सर्व्हे इंजिनिअर आहे. जमीन मोजणं हा माझा धंदा, आणि जे मोजता येत नाही ते मी सहसा सोडून देतो. कोकणातला असूनही भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की चहा टाकायला उठणाऱ्यांपैकी मी. माझी बायको अनघा म्हणते, हा देवळात गेला तरी खांब सरळ आहेत का तेवढंच बघतो. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण मागच्या हिवाळ्यात जे घडलं ते मी स्वतः मोजलंय, म्हणून लिहितो.

आम्ही दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहतो. समोरच्या फ्लॅटमध्ये हेलन नावाची इंग्रज बाई राहते, इथल्याच एका शाळेत शिकवते. तिचे वडील इंग्लंडमधल्या एका खेड्यात एकटे राहायचे. त्यांना विसरायला व्हायला लागलं, गॅस चालू ठेवून बाहेर पडायला लागले, तेव्हा ती त्यांना इकडे घेऊन आली. आम्ही त्यांना आर्थर अंकल म्हणायचो. उंच, पाठ ताठ, आणि दुबईच्या उन्हातसुद्धा डोक्यावर कापडी टोपी. सकाळी काय खाल्लं ते आठवायचं नाही, पण त्यांच्या पॅरिशबद्दल विचारा — माणूस नुसता उजळायचा!

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कारभाराखाली येणारा गावांचा पट्टा. अंकलच्या पॅरिशमध्ये चर्च दोन. एक खाली नदीकाठी, मोठं, मनोऱ्यात घंटा असलेलं. जमीन वर चढत गेल्यामुळे आत शिरताना एक पायरी खाली उतरावी लागते आणि येणारा प्रत्येक पाहुणा तिथे धडपडतो. दुसरं वर टेकडीवर, मेंढपाळांचं, अगदी एवढंसं. तिथे अजून वीज नाही, प्रार्थना मेणबत्त्यांच्या उजेडात होते, आणि दाराची कडी इतकी उंच की हात वर करून उचलावी लागते. पूर्वी तिथे मेंढपाळाला पुरताना त्याच्या हातात लोकरीचा पुंजका ठेवायचे. का, तर वर गेल्यावर देवाने विचारलं की रविवारी चर्चला का येत नव्हतास, तर हा पुरावा! मेंढरं सोडून येणार कसा बिचारा? हे ऐकून अनघाला भरून आलं होतं. मलाही ती माणसं फार आवडली. देवाशीसुद्धा इतकं सरळ बोलणारी.

अंकल त्याच गावात मास्तर होते आणि उभा जन्म त्यांनी या दोन चर्चच्या दगडांचा अभ्यास केला. पण त्यांचा जीव अडकला होता तिसऱ्यात. त्याचं असं... तिकडे शीव चालायची पद्धत होती. काही वर्षांनी एकदा, वसंतात, अख्खं गाव पाद्र्याच्या मागे नदीकाठच्या चर्चपासून निघून, टेकडीवरच्या चर्चवरून, पॅरिशच्या हद्दीवरून चालत जायचं. हद्दीच्या दगडापाशी आलं की एखाद्या पोराला उचलून त्या दगडावर आपटायचे — हळूच हो — म्हणजे म्हातारपणीसुद्धा तो हद्द विसरायचा नाही. अंकल स्वतः असे आपटले गेले होते, अगदी लहान असताना. त्या वाटेवर एका जागी सगळे पुरुष टोपी काढून, मान खाली घालून उभे राहायचे. कशासाठी, ते तेव्हाही कोणाला माहीत नव्हतं. पुढे ती पद्धतच बंद पडली. कुंपणं काढून शेतं एक केली, दगड गेले आणि ती जागाही हरवली. अंकल म्हणायचे, तिथे या दोन्हींपेक्षा जुनं तिसरं चर्च असलं पाहिजे, उगाच कोणी टोपी काढत नाही. गावातल्या इतिहास मंडळाने त्यांना सरळ वेड्यात काढलं होतं. आणि आता त्या बाजूची सगळी शेतं घरं बांधायला विकली जाणार होती. एकदा काँक्रीट पडलं की खलास.

हेलन एकदा म्हणाली, “मला चर्चचं काही पडलेलं नाही. पण बाबांना कोणीतरी सांगावं की तुम्ही बरोबर होतात. त्यांना ते कळतंय तोवर.”

माझं साइटचं काम पहाटे सुरू होऊन दुपारी संपतं, म्हणून संध्याकाळी अंकलना फिरवून आणायचं मी अंगावर घेतलं. त्यांचा फेरा रोज तोच. बिल्डिंगच्या गेटमधून निघताना “पायरी सांभाळ” म्हणायचे. तिथे पायरी नाहीच! पुढे एका कोपऱ्यावर, एका बांधकामाच्या पत्र्याच्या कुंपणापाशी, हात वर करून दाराची कडी उचलल्यासारखं करायचे. आणि सुपरमार्केटच्या पार्किंगशेजारी थांबून टोपी काढायचे, मान खाली घालायचे, मग पुन्हा चालू. वॉचमन मला म्हणायचा, “सर, अंकल का सलाम टाइम हो गया.”

माझं जीपीएसवालं घड्याळ प्रत्येक फेऱ्याच्या वाटेची रेघ नोंदवतं. एक दिवस हेलनकडे चहाला बसलो होतो. भिंतीवर त्यांच्या पॅरिशचा फ्रेम केलेला नकाशा होता. मी फोनवरची रेघ बघितली, नकाशावरची हद्द बघितली... आकार तोच! धंद्याची खोड, गप्प बसवेना. नकाशाचा फोटो काढला आणि घरी लॅपटॉपवर रेघ त्याच्यावर बसवली. आमच्या कामात दोन ठिकाणं पक्की जुळवली की तिसरं आपोआप पडतं, ते हाताने सरकवता येत नाही. पायरी म्हणजे नदीकाठचं चर्च, कडी म्हणजे टेकडीवरचं. ही दोन जुळवली आणि टोपीची जागा एका मोकळ्या शेतात पडली. मी अनघाला म्हटलं, योगायोग. इथले रस्तेच तसे वळलेत.

पुढच्या शनिवारी अनघाला शारजाला जायचं होतं, रोल्लाला, मसाले घ्यायला आणि शिंप्याकडे. अंकलना तेवढाच बदल म्हणून बरोबर घेतलं. ते पूर्वी कधी तिथे गेलेले नव्हते, हे मी हेलनला नंतर दोनदा विचारून घेतलंय. अनघा शिंप्याच्या दुकानातून बाहेर येते तोच अंकल म्हणाले, “पायरी सांभाळ,” आणि चालायला लागले.

आम्ही पिशव्या सावरत मागे. रोल्लाची शनिवारची दुपार म्हणजे काय गर्दी असते, गेलेल्यांना माहीत आहे. कार्गोवाले, हातगाड्या, लाँड्रीतून वाफेचा भपकारा. अंकल त्यातून असे चालले होते की जणू आजूबाजूला चिटपाखरू नाही. एका लाँड्रीच्या अर्ध्या शटरपाशी हात वर केला. मग तीनचार गल्ल्या वळून मोबाइल रिपेअरच्या एका दुकानासमोर थांबले, आणि टोपी काढली.

दुकानदार घाबरून बाहेर आला. “हबीबी, अंकल की तबियत ठीक है?”

अनघा म्हणाली, “ठीक है भाई, बस दो मिनट.”

त्या भल्या माणसाने आत जाऊन वाजत असलेली गाणी बंद केली आणि आमच्या शेजारी हात बांधून उभा राहिला.

घरी आल्याआल्या ती रेघ नकाशावर बसवली. आता रस्ते वेगळे, वळणं वेगळी, लांबी वेगळी, दिशा तर पूर्ण उलटी. पायरी जुळवली, कडी जुळवली. तिसरं ठिकाण त्याच शेतात पडलं. त्याच ठिपक्यावर. मी सगळं पुसून पुन्हा केलं, तोंड धुऊन आलो, पुन्हा केलं. अनघा मागे उभी होती. म्हणाली, “मोजलंस ना? मग आता मान.”

हेलनने ते गावच्या पाद्रीबाईंना कळवलं. मी खाली एक ओळ घालायला लावली, की हा बिंदू कुठून आला ते विचारू नका, पण मोजमाप बरोबर आहे. ऑफिसात कोणी हे वाचलं असतं तर माझं काही खरं नव्हतं. पाद्रीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शेतकऱ्याला गळ घातली आणि त्याने विक्रीआधी एकच चर खणू दिला.

एका दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. गारठ्याने गाल लाल झालेले, बूट चिखलाने माखलेले. त्यांनी सरळ फोन खाली वळवला. चरात दगडी पाया दिसत होता, अर्धगोल वळलेला. छोट्या, फार जुन्या चर्चची पूर्वेकडची बाजू अशी गोल असायची, हे अंकलनीच मला कधीतरी सांगितलं होतं. हेलनने त्यांचा हात गच्च धरला होता. ही कोण माणसं, असं ते आता विचारणार याची तिला भीती वाटत होती.

अंकल स्क्रीनच्या अगदी जवळ वाकले. मग पाद्रीबाईंना म्हणाले, “पावसाआधी झाकून ठेवा. आणि दार दुसऱ्या टोकाला असेल, तिकडे जपून खणा.” मग लेकीकडे वळून म्हणाले, “हेलन, मी सांगत होतो ना?”

ती ओंजळीत तोंड लपवून रडली. मलाही राहवलं नाही.

विक्री सध्या थांबली आहे, पुढचं इन्शाल्ला. गाव येत्या वसंतात पुन्हा शीव चालणार आहे. त्या कॉलच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा बूट घालून गेलो, तर अंकल बाल्कनीत निवांत बसलेले. म्हणाले, “आज नको. आता तिकडची माणसं चालतील.” त्यानंतर ते फेऱ्याला गेलेच नाहीत.

माझा एक मित्र म्हणतो, लहानपणची वाट शरीरात राहते. राहत असेल. पण इंग्लंडमधली शीव रोल्लाच्या गल्ल्यांत, त्याच प्रमाणात, कशी काय बसली? दोन्ही रेघा माझ्याकडे आहेत. उत्तर शोधायचं मी सोडलंय. एवढंच वाटतं की आपल्या गावावर इतका जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता ते मलाही ओळखत नाहीत. परवा गेलो तर नम्रपणे विचारलं, “आपण कोण?”

मी म्हटलं, “तुमच्या पॅरिशचा सर्व्हेअर.”

ते खुर्चीचा आधार घेत उठले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, “बरं झालं आलात. किती वर्षं वाट बघत होतो तुमची.”