पांढऱ्या किनारीवरचा इलाज

आमच्या इमारतीमागे जमिनीचा एक पट्टा आहे. शेजारी बारा मजली टॉवर उभा राहिल्यापासून तिथे भर दुपारीही संध्याकाळच असते. सोसायटीने तिथे दोनदा लॉन लावलं. दोन्ही वेळा उद्घाटन झालं, गवत तेवढं यायचं राहिलं.

मग मी देवळाली कॅम्पकडच्या एका नर्सरीतून जमिनीवर पसरणारी वेल आणली. बारमाही हिरवी, सावलीत खूश आणि प्रत्येक पानाला पांढरी किनार. दिवाळीपर्यंत तिने अर्धा पट्टा झाकला. त्या अंधाऱ्या जागेत जरा उजेड सांडल्यासारखं वाटायचं. मी स्वतःवर फार खूश होते.

तळमजल्यावरचे काका मात्र काळजीत पडले. त्यांची निफाडकडे द्राक्षबाग. आता ती मुलं बघतात, आणि काकांना इथे बघायला काहीच नसतं. एका सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं.

"ताई, वेलीवर भुरी पडली हाय. लय वाईट रोग. पांढरं दिसलं की बाग गेली समजा."

"काका, रोग नाही हो. या पानांचा रंगच तसा आहे."

"सुरुवातीला समदे असंच म्हणतात," ते मायेने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काका पाठीवर पंप अडकवून गंधक फवारत होते. पांढरं काही हटेना. त्यांनी मात्रा वाढवली. खिडक्या बंद ठेवा, अशी सूचना फळ्यावर लागली. कमिटीने तातडीची मीटिंग घेतली. तिथे मी नर्सरीतल्या तसल्याच रोपांचा फोटो दाखवला. अध्यक्ष गंभीर झाले.

"म्हणजे रोग तिथूनच आलाय!"

थंडी सरली तसे वेलीला काही पूर्ण हिरवे फुटवे आले. दाट सावलीत असं होतं. हिरव्या पानालाच अन्न करता येतं, म्हणून वेल पांढरी हौस सोडून देते. असे फुटवे वेळीच छाटावे लागतात, नाहीतर सगळीच वेल हिरवी होते. मी कात्री घेऊन खाली गेले, तर काका उकिडवे बसून तीच पानं कुरवाळत होते.

"बघा ताई, लागू पडलं!"

त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी कात्री पाठीमागे लपवली.

एक मेला झेंडावंदनानंतर काकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. आभार मला मानावे लागले.

आता काका लग्नाकार्याला गावी गेले की मी हिरवे फुटवे छाटून टाकते. परत आल्यावर ते वेलीकडे बघून मान हलवतात. "चार दिवस नव्हतो, तर लगेच उलटली!" म्हणतात, आणि उत्साहाने पंप बाहेर काढतात.