सुटलेला रोहू

मित्रांनो, आज एकही मासा न घेता घरी आलो, तरी खूश आहे. काहून ते सांगतो.

सकाळी वैनगंगेत डोंग्यातून मासे धरायले गेलतो. सोबत अरुण आन् दिलीप, शाळेपासूनचे मित्र. पण दोघांची बोलचाल बंद. दिलीपनं पोरीच्या लग्नाची पत्रिका अरुणले घरी येऊन दिली नाही, मोबाइलवर पाठवली. तेवढ्यावरून!

मी दोघांले वेगवेगळं बोलावलं. दुसराही येऊन राह्यला हे सांगितलंच नाही. घाटावर एकमेकांले पाहून दोघांची तोंडं उतरली.

नावाडीकाकाले यातलं काय माहीत? दोघंही वजनदार, म्हणून त्यांनी दोघांले दोन टोकांले समोरासमोर बसवलं. "हलू नका जी, डोंगा कलंडते."

दोन तास दोघंही पाण्याकडं पाहत बसले. पाणी शांत होतं.

मंग अरुणच्या गळाले मोठा रोहू लागला. काठी पार वाकली. जाळी दिलीपच्या पायाशी होती.

"दिल्या, जाळी दे ना बे!"

दिलीप जाळी घेऊन ताडकन उठला. डोंगा डुलला, काका ओरडले आन् रोहू सुटला.

"उठला काहून बे? बसूनच द्यायची ना!"

"मंग तू काहून एवढा ओढत होता? ढील द्यायची!"

काठ येईपर्यंत दोघं भांडतच होते. काकांनी मले हळूच विचारलं, "यांचं नेहमी असंच असते काय जी?"

"हौ," मी म्हटलं, "मधात दीड वर्ष बंद होतं."