काड्यांची सरस्वती

आमचे हे गेले ते दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत, तापाने. दिवाळीची सुट्टी तोंडावर होती, म्हणून नवीन मास्तर सुट्टी संपल्यावर येतील असा निरोप घनसावंगीहून आला. तोवर शाळेचं सामान मी लावून ठेवायचं, त्यांना चार्ज द्यायचा, म्हणजे एकेक वस्तू दाखवून ताब्यात द्यायची, आणि खोली सोडायची. खोली मास्तरची असते, मास्तरणीची नव्हे. माझा भाऊ बदनापूरहून न्यायला येणार होता.

शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाची पडवी. नाव मोठं आणि लक्षण खोटं. तिथं काही ठेवलं की शेळ्या खायच्या, म्हणून सगळं सामान आमच्याच खोलीत. इतक्या वर्षांत शाळा कुठं संपते आणि संसार कुठं सुरू होतो, हे आम्हालाही सांगता आलं नसतं. शाळेच्या पेटीत माझी तूरडाळ होती आणि माझ्या फडताळात खडू.

मी दोन ढीग करायला बसले. एक शाळेचा, एक घरचा. रडू येत नव्हतं. शेजारणी यायच्या, पदर डोळ्यांपाशी तयार ठेवून बसायच्या, आणि मी त्यांना विचारायची, ही सतरंजी शाळेची असेल का हो?

"दगड झाली बाई ही," एक जण दारातून बाहेर पडता पडता म्हणाली. मला राग आला नाही. कुंकू पुसलं तेव्हाही मला काही वाटलं नव्हतं. कपाळ दुसऱ्याच कुणाचं असावं तशी मी बसून राहिले होते.

निजामाच्या काळातल्या हजेऱ्या उर्दूत होत्या. त्यांचं पहिलं पान आपल्या शेवटच्या पानाच्या जागी. मी त्या उलट्या रचल्या, मग लक्षात आलं, मग पुन्हा सुलट्या रचल्या. वेळ जात होता, तेवढंच. उर्दू अक्षरांचे तक्तेही निघाले. राज्य गेलं तेव्हा मराठीचे तक्ते मिळेनात, म्हणून यांनी त्यांच्याच पाठीवर क ख ग लिहिले होते. घंटा म्हणजे भावाने बदनापूरहून आणून दिलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तो मुकाट्याने शाळेच्या ढिगात ठेवला. माहेरची घंटा घेऊन मी काय वाजवणार होते?

मग कोनाड्यातली पाटी राहिली.

दसऱ्याला पाटीपूजन असायचं. पोरं आपापल्या पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढायची, आणि कशी काढायची ते दाखवायला हे आधी शाळेच्या मोठ्या पाटीवर काढायचे. यांचं लहानपण उर्दू शाळेत गेलेलं. मराठी अक्षर पुढे मोत्यासारखं झालं, पण एकाचा आकडा काही सुधारला नाही. उर्दूतला एक, म्हणजे नुसती उभी काडी. ना डोकं, ना शेपूट. पोरं हसायची, "मास्तरची सरस्वती काड्यांची हाय!" हेही हसायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा काड्याच काढायचे.

त्या दसऱ्याची सरस्वती तशीच होती. हळदीकुंकवाची बोटं होती, काड्या होत्या. पेन्सिलीचं लिहिणं ते, हात लागला की जाईल, म्हणून मी केर काढतानाही कोनाड्याकडे फडकं नेत नव्हते. पण पाटीच्या चौकटीवर शाळेचं नाव यांनीच रंगवलेलं. बाकी सगळं जावो, मला एवढी पाटी हवी होती. लपवली असती तर कुणाला कळलं नसतं. पण यांनी शाळेचा खडूसुद्धा कधी घरी वापरला नाही, मी पाटी कशी लपवू? ठरवलं, मागून घ्यायची.

नवीन मास्तर वडीगोद्रीकडचे, तरुण, मान खाली घालून बोलणारे. त्यांनी ढीग पाहिले.

"वैनी, सगळं बराबर लावलंय तुम्ही. मला वाटलं आठ दिवस जातील यातच."

भाऊ बाहेर बैल जुंपत होता. मी कोनाड्याकडे हात केला. "ती पाटी नेऊ का?"

"पाटी? कशाला लागती?"

आता काय सांगायचं? परक्या पुरुषापुढे उभं राहून, नवऱ्याच्या हातच्या काड्या आहेत त्यावर, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मी म्हटलं, "भावाच्या पोरीला. लिहायला शिकंल म्हणते."

मास्तरांचा चेहरा उजळला. "न्या की! बिलकुल न्या. एका पाटीचं काय एवढं? फुटली म्हणून लिहितो."

त्यांनी पाटी खाली घेतली. "दसऱ्याचं हाय व्हय अजून यावर? दसरा कवाच झाला की." असं म्हणत त्यांनी रांजणातलं पाणी घेऊन फडकं भिजवलं, पिळलं, आणि वरपासून खालपर्यंत एक हात फिरवला. मग आडवा. कोपरेसुद्धा सोडले नाहीत. मास्तरचा हात तो, कुणाला लिहिलेली पाटी कशी देईल? माझ्या तोंडून नुसतं "अहो" निघालं. त्यांना वाटलं, मी संकोचतेय.

"राहू द्या वैनी, मास्तरचं कामच हाय हे." धोतराच्या सोग्याने त्यांनी पाटी टिपली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. "पोरीला म्हणावं, रोज लिहीत जा."

मी पाटी मागितली होती. पाटी मिळाली.

गाडी वेशीबाहेर पडली आणि जे इतके दिवस आलं नव्हतं ते आलं. मोठ्याने आलं, आवरता येईना. भाऊ घाबरला, कासरा ओढून गाडी थांबवली.

"आक्का, गाव सुटलं म्हणून का? येऊ की पुन्हा."

मी मान हलवली. पदराखाली पाटीवर हात फिरवून पाहिला. अजून थोडी ओली होती.