आत्याची सीलबंद मोटार

चहाच्या पुड्या फोडून, भुसा मिसळून पुन्हा सीलबंद करणाऱ्यांविरुद्ध आम्ही वर्ध्यात पत्रकं वाटायचो. 'ग्राहका, सील म्हणजे शब्द! शब्द मोडणाऱ्याला ओळख!' हे वाक्य माझं. उद्गारचिन्हं मी मुठीनं पेरायचो.

तेव्हा नालवाडीच्या माझ्या विधवा आत्याला शिवणाची पायमशीन हवी होती. विकण्याजोगं तिच्याकडे एकच होतं: जर्मन बनावटीची, चावीवर चालणारी पत्र्याची खेळण्यातली मोटार. नवऱ्यानं लग्नानंतर आणलेली. लेकरू झालं की फोडू म्हणून खोका तसाच राहिला. लेकरू झालं नाही. चावीचं म्हणजे यंत्रच, असं धरून आत्या दर खांडेनवमीला कात्री-विळ्याबरोबर खोक्याच्या कागदी सीललाही कुंकवाचं बोट लावायची.

जुनी खेळणी जमवणारा नागपूरचा एक शौकीन न उघडलेल्या खोक्याचे पायमशीनपुरते पैसे द्यायला तयार झाला. तो यायच्या सकाळी खोका पाहून माझं डोकं तापलं. यंत्रावर कुंकू! ही अंधश्रद्धा परक्या माणसाला दाखवायची? ओल्या फडक्यानं घासून काढलं. सीलची कड सुटली. पत्रकं भिंतीला लावायची खळ माझ्या पिशवीत होतीच. चिकटवून टाकली.

शौकिनानं कडेला नख लावलं, वास घेतला. "बाई, ही तर ताजी खळ आहे. कोणीतरी उघडून बंद केलं."

"कोनी हात नाई लावला, भाऊ! दर नवमीले मी कुंकू लावत आली त्याले."

"कुठं आहे कुंकू? सीलवर दरवर्षीचे ते थर अखंड दिसले असते तर डोळे मिटून घेतलं असतं."

आत्या माझ्याकडे वळली. "तू पुसलं काय रे?"

मी वैज्ञानिक दृष्टिकोनावर बोलायला लागलो.

"गप बस!"

शौकीन म्हणाला, उघडून दाखवा, खरी निघाली तर घेतो. पण उघड्या मालाचा भाव देईन. एरवी ग्राहकाच्या हक्कावर तासभर बोलणारा मी खळीची पिशवी पाठीमागे सरकवत होतो.

आत्यानं सील स्वतःच फाडलं. मोटार खरीच होती. तिनं चावी भरून ती एकदा भिंतीपर्यंत पळवली, मग त्याच्या हातात दिली.

त्या पैशांत पायमशीन बसली नाही. जुनी हातमशीन आली. दांडा फिरवायला एक हात गेला की लांब शिवणीला कापड आवरेना. म्हणून आत्या दोन्ही हातांनी कापड धरायची आणि संध्याकाळी, पत्रकं वाटून झाली की, दांडा मी फिरवायचो.

"हळू फिरव न बाबू," ती ओरडायची, "सभेत भाषण नाई देऊन रायला तू!"