दोन अंकांची दुरुस्ती

डोळेबाई हे नाव विद्यार्थ्यांनी पाडलं, आणि पुढे रुग्णालयातला लिफ्टवालाही त्यांना तसंच म्हणू लागला. लहान मुलांच्या डोळ्यांतला दाब मोजण्यात बाईंची तीस वर्षं गेली होती. नावावर शोधनिबंध अकरा. त्यातले दहा कुणी वाचले की नाही देव जाणे, पण एकाने मात्र नाव काढलं होतं. दोनशे मुलं तपासून त्यांनी त्यात एक तक्ता दिला होता: कुठल्या वयात किती दाब ठीक, आणि कितीच्या वर धोका. पाचशेहून जास्त संशोधकांनी त्या तक्त्याचा आधार घेतला होता. पाठ्यपुस्तकातही तो जसाच्या तसा होता, खाली बाईंच्या नावासकट.

निवृत्तीला चार महिने उरले असताना परगावच्या एका डॉक्टरचा फोन आला. आवाज तरुण, आणि फार संकोचलेला.

“मॅडम, सात वर्षांची मुलगी आहे. दोन वर्षं तपासतोय. तुमच्या तक्त्याप्रमाणे दाब ठीकच होता. पण एका डोळ्याची नजर जवळजवळ गेलीय.”

“दाब किती?”

त्याने सांगितला. मर्यादेच्या जेमतेम आत होता.

“दुसऱ्या डोळ्याचे उपचार आजच सुरू करा,” बाई म्हणाल्या. “तक्ता ठेवा बाजूला.”

तो डोळा वाचला, असं त्याने पुढे कळवलं. पण त्या दिवशी फोन ठेवल्याठेवल्या बाई उठल्या. त्या तडक तळमजल्यावरच्या जुन्या कागदांच्या खोलीत गेल्या. तीन दिवस धूळ खाल्ल्यावर एक पिवळी चिठ्ठी हाती लागली. तक्त्याच्या कामाला दोन यंत्रं वापरली होती. त्यातलं एक यंत्र काम संपल्यावर महिन्याभराने दुरुस्तीला गेलं, तेव्हा कारागिराने लिहून दिलं होतं: ‘तीन अंक जास्त दाखवतं.’ त्या यंत्रावर चौसष्ट मुलं तपासली होती. चिठ्ठीखाली सही बाईंचीच. वाचून केली की न वाचता, काही केल्या आठवेना.

त्यांनी सगळं पुन्हा मांडलं. वरच्या टोकाचे बरेचसे आकडे त्याच यंत्रावरचे निघाले. धोक्याची रेघ दोन अंकांनी खाली यायला हवी होती.

“आता कशाला उकरून काढता?” विभागप्रमुख म्हणाले. “चार महिने राहिलेत. मानाने घरी जा.”

“मान मोजायचं यंत्र नाही ना सर आपल्याकडे,” बाई म्हणाल्या. “दाबाचं आहे.”

घरी नवऱ्याने दुरुस्तीच्या टिपणाचा मसुदा वाचला. ते शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेले. लाल पेन अजून खिशात असायचं.

“अगं, ‘माझी चूक’ तीनदा आलंय. एकदा पुरे.”

“अहो, राहू दे ना.”

“दोन खोडतो,” ते म्हणाले, आणि खोडलेच.

दुरुस्ती मूळ निबंधाच्याच नियतकालिकात छापून आली, अर्ध्या रकान्यात, शेवटच्या पानावर. बाई निवृत्त झाल्या. वर्षभराने पाहिलं, तर जुन्या तक्त्याचा आधार आणखी एक्केचाळीस जणांनी घेतला होता आणि दुरुस्तीचा तिघांनी. चूक आपल्या पायांनी गावोगाव हिंडत होती, आणि त्यांचे स्वतःचे गुडघे जिना चढताना बोलत होते.

मग जुना तक्ता वापरणाऱ्या एकेकाला त्यांनी लिहायला घेतलं. जेवणाच्या टेबलावर, दिवसाला दहा पत्रं. काहींनी आभार मानले. बरेच गप्प बसले. एकाने विचारलं, ‘पण आपण कोण?’ त्यावर दोघं नवराबायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती आली. तक्ता दुसऱ्या कुणाचा तरी होता. धोक्याची रेघ दोन अंकांनी खाली होती. बाईंचं नाव पुस्तकात कुठेच नव्हतं.

“हा काय न्याय झाला?” नवरा तडकला. “सगळा खटाटोप तुझा, आणि साधा उल्लेख नाही?”

“आकडा बरोबर आहे ना,” बाई म्हणाल्या. वाईट वाटलं होतं. ते लपवण्याइतकंही त्राण त्यांच्यात नव्हतं. पुस्तक मिटून त्यांनी यादी पुढे ओढली. अजून दोनशे सत्तर जण बाकी होते.

नवऱ्याने खुर्ची जवळ घेतली. “पुढचं नाव सांग. मी लिहितो.”

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. “उद्या,” त्या म्हणाल्या. “आज खरंच दमले हो मी.”